उणे ऐंशी अंश

प्राध्यापक नसीम तांबोळी यांचे गेल्या महिन्यात एका मंगळवारी सकाळी दौंडच्या राहत्या घरी हृदयविकाराने निधन झाले. शुक्रवारी त्यांच्या शिरूरच्या कॉलेजात शोकसभा झाली. वर्गमित्र म्हणून मी तिथे बोललो. हा लेख मात्र दुःखाने लिहिलेला नाही.

नसीम नदीतल्या खेकड्यांवर काम करायची. खेकड्याच्या शुक्राणूला शेपूट नसते, तो पोहत नाही. तो असा घडत असताना नराच्या वृषणात कोणती जनुके कधी चालू होतात, हा तिचा प्रश्न होता. सहा वर्षे, दर महिन्याला, ती घोड नदीवर जायची. तिथले म्हातारे मच्छीमार आप्पा तिला खेकडे धरून देत. एकदा मी सोबत होतो.

"बाई, एवढं बारीक बघून काय घावतं? रस्सा करा की."

"रस्सा माद्यांचा करा, आप्पा. नर माझे."

"म्हंजी सुटका कुणाचीच न्हाई!"

काढलेली वृषणे नळ्यांत भरून ती कॉलेजच्या फ्रीजरमध्ये उणे ऐंशी अंशांवर ठेवायची. जनुक चालू होते याची खूण सांगणारा रेणू उबेत तुटतो. निम्म्या नळ्या तपासायच्या राहिल्या होत्या. लवकर छाप, असे मी म्हणायचो. "अर्धंच छापून काय करू?" ती विचारायची…

शोकसभेसाठी साउंडवाल्याला विजेचा मोठा पॉइंट हवा होता. तो प्रयोगशाळेत मिळाला. मी बोलत असताना मागे बारीक पीं-पीं सुरू झाले. मी थांबलो. शिपाई उठून गेला, आवाज बंद झाला आणि मी तिच्या चिकाटीबद्दल पुढे बोललो. नसीमचे अपुरे संशोधन कॉलेज पूर्ण करील, असे प्राचार्यांनी त्याच माईकवरून जाहीर केले. शोकसभेत टाळ्या वाजल्या.

सोमवारी तिच्या विद्यार्थिनीने, श्रद्धाने, फ्रीजर उघडला. आत एकतीस अंश होते, शून्याच्या वर. वायरला नसीमच्या अक्षरातली चिठ्ठी होती: 'मला विचारल्याशिवाय प्लग काढू नये.'

चिठ्ठी दिसली नाही का, असे मी शिपायाला विचारले.

"दिसली की. पर इचारायचं कुणाला? बाई तर गेल्या."

गुरुवारी मी पुन्हा गेलो. नळ्या टाकून दिल्या होत्या. फ्रीजर रिकामा होता. प्लग परत लावलेला होता. चिठ्ठी वायरलाच आहे.