फरिदाचा झेंडा

आमच्या कॉलेजात परदेशी विद्यार्थ्यांचं संमेलन होतं. टेबलांवर ठेवायचे छोटे झेंडे मागवायचं काम माझ्याकडे होतं. काबूलहून शिकायला आलेल्या फरिदाला मी सहज विचारलं, "तुमचा कोणता गं?"

ती हळूच म्हणाली, "मॅडम, मी निघाले तेव्हा होता तो आता तिथे लावू देत नाहीत. आता आहे त्याच्याखाली मला शिकू देत नाहीत. आजोबांनी तर असे कितीतरी पाहिले."

राजवट बदलली की झेंडा बदलतो, हे इतिहासाच्या तासाला मी एका वाक्यात शिकवते. त्या वाक्यात या मुलीला उभं राहायला जागाच नव्हती. मागवायच्या झेंड्यांच्या यादीत मी तिच्या देशापुढची जागा कोरीच ठेवली.

संमेलनात ती बदाम-मनुकांची बशी घेऊन बसली आणि येणाऱ्या प्रत्येकाला देशाचं नाव तोंडानंच सांगत राहिली.