हात वर, आवाज खाली

आमच्या देवळात एक गीत होतं. त्याच्या तिसऱ्या ओळीला सगळी मंडळी उजवा हात वर न्यायची, हळूहळू, पायरीपायरीनं, पार डोक्याच्या वर जाईपर्यंत. आवाज मात्र होता तिथंच राहायचा. हात का वर न्यायचा हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मला लहानपणापासून चौकशा फार, त्यामुळं मी हे एकूणएक माणसाला विचारून बसले होते. पाळकसाहेब म्हणाले, प्रभू वर आहे म्हणून. मी म्हटलं, मग पहिल्या दोन ओळींत तो कुठं असतो? त्यावर त्यांनी मला रविवारच्या शब्बाथशाळेत बाकावर उभं केलं.

देऊळ म्हणजे ख्रिस्ती देऊळ. वाळवा तालुक्यात, इस्लामपूरपासून चालत जाण्याच्या अंतरावर, कृष्णेकाठच्या एका गावाच्या कडेला. बसकं, कौलारू, मागची भिंत उसाच्या फडाला लागलेली. माझे वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते आणि आम्ही देवळाशेजारच्या दोन खोल्यांत राहायचो. पेटी आमच्याकडं कधीच नव्हती. ती मिशनच्या साताऱ्याच्या बंगल्यात; आमच्याकडं आपली ढोलकी आणि टाळ. पण ज्या गीताचं मी सांगतेय ते टाळावर बसत नसे. ते विलायती चालीचं होतं आणि मिशनच्या गोऱ्या मडमबाईंनी शिकवलेलं होतं. कुणी गाव सोडून निघालं की ते म्हणायचं, मग ती सासरी जाणारी पोर असो, पलटणीत निघालेला गडी असो नाहीतर तिरडीवरचा माणूस असो. म्हणून त्याला सगळे वाटेचं गीत म्हणत.

मडमबाई मी पाहिल्या नाहीत, माझ्या जन्माआधीच त्या वारल्या. पण घरात त्या जेवायला बसल्यागत हजर असायच्या. माझ्या आईचे आईबाप प्लेगात गेले आणि तिला बाईंनी वाढवलं. वेणी घालणं, अक्षर गिरवणं, प्रार्थना, गाणं, सगळं बाईंच्या हातचं. आई आमच्या बायकांच्या बाजूला सगळ्यांत पुढं सतरंजीवर बसायची आणि प्रत्येक गीत तीच उचलून द्यायची. तिनं उचललं की मंडळी मागनं यायची. पाळकसाहेबसुद्धा. वाटेचं गीत ती जसं म्हणायची तसंच सारी मंडळी म्हणायची, आणि ती म्हणायची तसं बाई म्हणायच्या, वर जाणाऱ्या हातासकट. त्यात काडीचाही फरक व्हायला तिची तयारी नसे.

आता खरं सांगायचं तर ती चाल काही फार देखणी नव्हती. दोनतीन सुरांत घोटाळत राहायची. देवळामागच्या फडाचे मालक फार भले गृहस्थ, आमच्या नाताळाला गुळाची ढेप पाठवायचे. ते एकदा वडलांना म्हणाले होते की मास्तर, तुमच्या देवाची गाणी लय झ्याक, पर ते एक गाणं चरकाच्या बैलागत एकाच जागी फिरतंय. वडील हसले. आईनं मात्र त्या वर्षीच्या गुळाला हात लावला नाही.

लढाईचे दिवस होते. माझा थोरला भाऊ फौजेत मोटार चालवत होता. तो सुखरूप परत आला, ते आधीच सांगून टाकते. वाचणाऱ्याचा जीव उगाच टांगणीला नको. रजेवर आला तेव्हा घाईघाईनं त्याचं लग्न उरकलं. मुलगी विट्याकडच्या एका खेड्यातली, तिथल्या ख्रिस्ती मंडळीतली. तिला आई नव्हती. घरात इतकी गप्प असायची की भांडं घासताना वाजलं तरी दचकायची. मी तेव्हा सोळासतरा वर्षांची, मला फार वाटायचं हिनं बोलावं, पण वन्सं पाणी आणू का, वन्सं चूल सारवू का, यापलीकडं गाडी सरकत नव्हती.

रजा संपली आणि जायच्या आदल्या शब्बाथी मंडळी भावाला निरोप द्यायला उभी राहिली. आईनं गीत उचललं. पहिली ओळ ठीक गेली. दुसऱ्या ओळीला माझ्या शेजारून एक आवाज आमच्यातून सुटला आणि वेगळ्याच वाटेला लागला. तिसऱ्या ओळीला तर तो चढतच गेला, चढतच गेला. वहिनी गात होती. डोळे मिटलेले, पदर घसरलेला, आणि ज्या तोंडातून दिवसभर एक शब्द फुटत नव्हता त्यातून एवढा मोठा, स्वच्छ आवाज येत होता की मी माझं म्हणायचंच विसरले. मंडळी माना वळवून बघायला लागली. एकेकाचं गाणं थांबलं. शेवटची ओळ कशीबशी आईनं एकटीनं ओढली.

घरी आल्यावर आईचा चेहरा बघण्यासारखा नव्हता. ती ओरडली नाही, ते जास्त वाईट. वडील समजूत घालायला गेले की अगं पोरीच्या गावाकडं चाल निराळी असेल, आणि आपण ख्रिस्ती माणसं, आपल्यात शकुन-अपशकुन नसतो. आई म्हणाली, अपशकुनाचं कोण बोलतंय? पण पोरगा लढाईवर निघालाय आणि त्याच्या वाटेचं गीत मधेच मोडलं, हे मी कसं विसरू? मग ती सुनेकडं वळली आणि तिनं तिला एवढंच सांगितलं, "ही बाईंची चाल हाय. तुला येत नसंल तर गप उभी ऱ्हा. पर माझ्या देवळात वाकडं म्हनू नगं."

वहिनी गप्प उभी राहायला लागली. नुसतं वाटेच्या गीताला नव्हे, सगळ्याच गीतांना. ओठसुद्धा हलवायची नाही. भाऊ गेला, फडात तुरे आले, ऊस तुटला, नवी लागण झाली, आणि ती प्रत्येक शब्बाथी माझ्या शेजारी हात बांधून उभी असायची. मला ते बघवत नसे. उपासनेला येऊन न गाणं म्हणजे आमच्यात जेवायला येऊन पानावर नुसतं बसून राहण्यासारखं. पुढं पुढं ती घरच्या प्रार्थनेतही तोंड उघडेना. एकदा मी विचारलं तर म्हणाली, "वन्सं, मला बोलून प्रार्थना येत न्हाई. मी गाऊनच करत हुते."

माझं डोकं मात्र त्या चालीतच अडकलं होतं. दोन गावं, एकच गीत, एकच पुस्तक, मग चाल दोन कशा? आणि वाकडीच असेल तर कानाला एवढी गोड का लागली? एका दुपारी नदीवर धुणं धुताना मी वहिनीच्या मागंच लागले की म्हण, इथं आपल्या दोघींशिवाय कुणी नाही. फार आढेवेढे घेतले तिनं. शेवटी हळू आवाजात म्हणायला लागली, आणि मला काय सुचलं कोण जाणे, मी खालून आईची चाल धरली. आम्ही पार शेवटपर्यंत गेलो. बिघडलं नाही. उलट दोन्ही मिळून असं काही झालं की आम्ही दोघी एकमेकींकडं बघत बसलो आणि वडलांचा सदरा वाहून चालला होता तो मला पाण्यात उतरून आणावा लागला.

मी धावत जाऊन आईला सांगितलं. आई भाकऱ्या थापत होती. म्हणाली, दोघी मिळून वाकडं म्हणालात तर ते सरळ वाटणारच. मी पुन्हा तोंड उघडलं तर तव्यावरची भाकरी माझ्याच अंगावर आली असती, तेव्हा मी काढता पाय घेतला.

वहिनीचे दिवस भरत आले. माहेरी आई नाही, आणि आमच्या गावात सुईणीच्या हाताखाली दोन बायका बाळंतपणात अडल्याचं ताजं होतं, म्हणून तिला मिरजेच्या मिशनच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. ताकारीपर्यंत बैलगाडी आणि पुढं रेल्वे. आई, मी आणि वहिनी. खोटं का बोलू, आई सुनेची हयगय करणारी नव्हती. गाडीत गचके बसू नयेत म्हणून तिनं आपल्या अंथरुणातली वाकळ तिच्याखाली घातली आणि स्वतः लाकडावर बसली. फक्त गाण्याचं नाव काढायचं नाही.

मुलगा झाला. बाळंतीण सुखरूप. तिसऱ्या की चौथ्या दिवशी, दिवेलागणीच्या सुमारास, पांढऱ्या लुगड्यातल्या नर्सबाया वॉर्डाच्या व्हरांड्यात येऊन उभ्या राहिल्या. तिथं तशी पद्धत होती, रात्रपाळी लागायच्या आधी रोग्यांसाठी एक गीत म्हणायचं. दोन ओळींत उभ्या राहिल्या, काही पुढं, काही मागं. एक म्हातारीशी सिस्टर मधे उभी होती. त्या दिवशी कुणी रोगी बरा होऊन घरी निघाला होता, म्हणून त्यांनी वाटेचं गीत धरलं.

पहिली ओळ सगळ्यांची एक. दुसऱ्या ओळीला पुढच्या बाया निघाल्या वहिनीच्या वाटेनं आणि मागच्या राहिल्या आमच्या. मी आईकडं बघितलं. ती नातवाला मांडीवर घेऊन बसली होती. तिसरी ओळ आली. पुढचे आवाज चढायला लागले, मागचे होते तिथंच त्यांच्याखाली घट्ट उभे, आणि आईचा हात सवयीनं वर निघाला. तो त्या वरच्या आवाजांबरोबर चढत होता. ज्या सुरावर ते जात त्या उंचीवर हात जात होता. आईच्याही ते लक्षात आलं. हात मधेच थांबला आणि तिनं त्याच्याकडं असं बघितलं की जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे.

गीत संपल्यावर तिनं बाळ माझ्याकडं दिलं आणि ती उठून त्या म्हाताऱ्या सिस्टरकडं गेली. मी बाळाला घेऊन मागोमाग. आईनं विचारलं, ती मागच्या बायांची चाल कुठली? सिस्टर नगरकडच्या होत्या, फार मऊ बोलायच्या. म्हणाल्या, ती दुसरी चाल, आधाराची. गीताची खरी चाल वरची. खालची तिच्या जोडीनं म्हणतात, एकटी कुणी म्हणत नाही. आईनं सांगितलं की आमच्या गावात सगळे तीच म्हणतात, आम्हाला बाईंनी शिकवली. सिस्टरनी थोडा विचार करून विचारलं, बाईंचा आवाज कसा होता? जाड, आई म्हणाली, बाप्यागत.

"मग त्या त्यांच्या गावी मागच्या ओळीत उभ्या राहत असतील," सिस्टर म्हणाल्या. "तोंडात बसलेलं तेच त्यांनी तुम्हाला दिलं. वरचं त्यांना मनात ऐकू येत असणार. तुम्हाला कसं येणार?"

मला तेव्हा लख्ख कळलं की हात प्रभूकडं जात नव्हता. जे गाणं बाईंना ऐकू येत होतं आणि गळ्यातून निघत नव्हतं, ते कुठं चाललंय एवढं त्या दाखवत होत्या, आणि आम्ही सगळे नुसता हात वर करत आलो होतो. मला हसूही आलं आणि रडूही. आईला मात्र हसू आलं नाही. ती व्हरांड्याच्या कठड्याला धरून उभी राहिली. मला भीती वाटली, आता ही म्हणणार की बाईंनी आम्हाला चुकीचं शिकवलं. तिच्याजवळ बाईंचं दुसरं होतं काय? एक फोटोसुद्धा नव्हता.

सिस्टरना तिची दया आली असावी. त्या म्हणाल्या, इथं आहात तोवर रोज संध्याकाळी या, मी तुम्हाला वरची चाल बसवून देते, अवघड नाही. आई म्हणाली, नको. अगदी सभ्यपणे म्हणाली, पण नको. मग खाटेजवळ आली. वहिनीनं सगळं ऐकलं होतं, खाट दाराशीच होती. ती घाबरून उठून बसायला लागली, तिला वाटलं आता आपल्यावर काहीतरी येणार. आईनं तिला खांद्याला धरून परत निजवलं आणि कडेला बसली. बराच वेळ ती लुगड्याचा काठ बोटाला गुंडाळत राहिली.

"बाई आमच्यात येऊन जलमभर निम्मंच गायल्या," ती म्हणाली. "वर गानारं मानूस त्यांना गावलंच न्हाई. आन् ते माज्या घरात चालत आलं तर म्या त्याचं तोंड दाबलं."

वहिनी रडायला लागली. आईही रडत होती, पण ती रडताना आवाज करत नसे. थोड्या वेळानं वहिनी म्हणाली, आत्याबाई, मी तुमची खालची शिकते, मला जमंल. आईनं मान हलवली. "खालची माजी हाय. ती म्या सोडली तर बाईंचं ऱ्हातं काय? तू तुजी म्हन."

वहिनीला सूर लागेना. इतके महिने गप्प राहिलेला गळा, त्यात बाळंतपण. पहिला शब्दच फाटला. तशी आईनं पदरानं नाक पुसलं, नेहमीसारखं गीत उचलून दिलं, आणि पहिली ओळ संपल्यावर ती थांबली. देवळात ती कधी कुणासाठी थांबली नव्हती. सुनेचा आवाज येईपर्यंत तिनं पुढचा शब्द उच्चारला नाही.