जाड रेषांचे तारे

गुन्वोर एकेलुंड उप्सालाच्या वेधशाळेत ताऱ्यांच्या जाती ठरवायची. आभाळाकडे मात्र ती क्वचितच बघे. गारठ्यात मान मोडून घ्यायची तिला हौस नव्हती. तिचे तारे दिवसा, उजेडाच्या टेबलावर, दुर्बिणीतून फोटो घेतलेल्या काचेवर भेटत. एकेक तारा म्हणजे इवलीशी करडी पट्टी, तिच्यात उभ्या रेषा. कोणत्या रेषा ठळक आहेत यावरून तारा तापलेला निळसर की निवलेला तांबडा, हे ती सांगे. काही ताऱ्यांच्या रेषा पसरट, जाड असत. ते स्वतःभोवती गरगर फिरणारे. हे सगळं नमुन्याच्या ताऱ्याशी ताडून, नजरेनंच ठरवायचं. आणि गुन्वोरच्या नजरेपुढे तिथे कुणी ब्र काढत नसे.

त्या नोव्हेंबरात कॉफीच्या वेळी तिथले खगोलशास्त्रज्ञ डॉक्टर लिंडस्कोग नाचायचेच बाकी होते. "एकेलुंडबाई, हंस तारकासमूहातले निम्मे तारे भिंगरीसारखे फिरतायत. तुमच्यामुळे मला शोधनिबंधाचा विषय मिळाला."

"आता निबंधाशीच लग्न लावा यांचं," शेजारच्या टेबलावर काम करणारी टीरा म्हणाली. सगळे हसले. गुन्वोरने वेलदोड्याचा पाव बशीत परत ठेवला. निम्मे कसे असतील?

आपल्या टेबलाशी येऊन तिने संथ फिरणाऱ्या, बारीक रेषांच्या ताऱ्याची नमुन्याची काच काढली. याच काचेवर ती काम शिकली होती. भिंगातून पाहिलं, तर रेषा लोकरीसारख्या. भिंग पुसलं, चष्मा पुसला. लोकर ती लोकरच.

"टीरा, या रेषा कशा दिसतात गं?"

"सुईसारख्या. का?"

"काही नाही."

गप्प बसता आलं असतं. तिला तसं वाटलंही; गप्प बसणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे. पण ती डॉक्टरांच्या खोलीत गेली.

"डॉक्टर, तारे फिरत नाहीयेत. माझे डोळे गेलेत."

त्यांचा चेहरा उतरला. निबंधाचं ते काही बोलले नाहीत, भला माणूस. त्यांनी एवढंच विचारलं, "कधीपासून, बाई?"

हाच प्रश्न तिला नको होता. 'याच महिन्यापासून' हे शब्द ओठांवर आले होते. पण चुकीची तारीख सांगितली आणि ती उघडी पडली, तर तिच्या उभ्या आयुष्याच्या कामावरून सगळ्यांचा विश्वास उडायचा.

"ईस्टरपासून, सात महिने झाले. सारखं भिंग पुसत होते मी. तेव्हापासूनचं सगळं टाकून द्या."

"आणि त्याआधीचं?"

"त्याआधीचं बरोबर आहे," ती म्हणाली. "एकूण एक." आणि मग तिला रडू आवरेना.