लोखंडाच्या विटांना शिरा

माझ्या हिंदीला नावं ठेवलेली मला खपत नाहीत. भाईंदरला राहायला आल्यापासून भाजीवाल्यापासून प्लंबरपर्यंत सगळ्यांशी मी त्याच हिंदीत भांडलेय आणि बहुतेक वेळा जिंकलेय. एकदाच काय तो घोळ झाला, आणि त्यातलाही निम्मा मिस्त्रीचा होता.

आमच्या ह्यांची अंधेरीची कंपनी बंद पडली, तेव्हा हे कित्येक महिने खिडकीशी बसून पेपर वाचायचे. संपला की तोच परत. मग एक दिवस अचानक भाईंदर पूर्वेला इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एक गाळा भाड्याने घेऊन आले. आजूबाजूला सगळे स्टीलच्या भांड्यांचे, पत्र्यांचे कारखाने. लोखंड तापवून लाटलं की काळ्या खपल्या पडतात, घासलं की भुगा पडतो. ते गोळा करायचं, चुना आणि काहीतरी चिकट मिसळायचं, प्रेसमध्ये दाबून मुठीएवढ्या विटा करायच्या, ब्रिकेट म्हणतात त्यांना. भट्टीवाले त्या वितळवून पुन्हा पोलाद करतात म्हणे. नुसता भुगा टाकला तर उडून जातो. दुसऱ्यांचा कचरा गोळा करून त्याच्या विटा पाडणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते, आणि तो नेमका माझाच नवरा निघावा!

वाडा तालुक्यातला एक भट्टीवाला शेठ नमुना बघायला येणार होता. वीट पडून फुटली नाही तर माल घेणार, फुटली तर राम राम. तो येण्याच्या दोन दिवस आधी रात्री जेवताना हे म्हणाले, "हे नाही जमलं ना, तर आता माझ्याच्याने नवीन काही होणार नाही गं." मी डाव पुढे करून म्हटलं, "आधी वरण घ्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी हे शेठची वेळ पक्की करायला वाड्याला गेले आणि इकडे मिस्त्रीचा फोन. हा मिस्त्री उत्तर प्रदेशातला, प्रेस चालवायचा.

"भाभीजी, साहब का फोन नहीं लग रहा. कल सेठ आनेवाले हैं. शीरा चाहिए, बिना शीरा काम शुरू नहीं होगा."

मला इतकं बरं वाटलं! प्रसादाशिवाय मशीनला हात लावत नाही, काय वळणाचा माणूस!

"कितना होना?"

"जितना मिले. डिब्बा भरके."

"मैं बनाके लाती."

"घर में बनता है?" तो चकित.

"हमारे घर में सबसे अच्छा बनता!"

मी रवा भाजला, सढळ हाताने तूप सोडलं, केळी, वेलची, सगळं रीतसर. पातेलं मांडीवर घेऊन रिक्षाने गाळ्यावर पोचले. मिस्त्रीने झाकण उघडलं, आत बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"भाभीजी, ये तो हलवा है."

त्याच्या गावी शीरा म्हणजे साखर कारखान्यातली मळी! तीच विटा चिकटवायला घालतात. पिंप रिकामं, आणि मळीवाला दोन दिवस येणार नव्हता. भुगा कालवायला खारी गावातली एक बाई यायची, ती पदर तोंडाला लावून हसत सुटली. "वयनी, गोड हाय, पन यानं इटा चिकटायच्या न्हाय!" ब्रिकेटला ती बिस्किट म्हणायची आणि हसायची मला!

तेवढ्यात हे वाड्याहून आले. सगळं ऐकून घेतलं आणि पोत्यावर बसून जुना पेपर उघडला. ओरडले असते तर मीही ओरडले असते, हिशेब मिटला असता. तो पेपर मला बघवेना.

"अहो, मळी म्हणजे काय? काळं, गोड, चिकट! मग चिकीच्या गुळाने काय पाप केलंय?"

मिस्त्री म्हणाला, "ट्राय करते हैं." मी स्टेशनजवळच्या वाण्याकडून चिकीच्या गुळाच्या भेल्या उचलल्या. त्याने विचारलं, "शादी है क्या?" म्हटलं, "नहीं, लोहे का ईंट बनाना है." बिचाऱ्याने पैसे घेऊन पटकन पुढचं गिऱ्हाईक बोलावलं. गाळ्याच्या दारात स्टोव्ह पेटवून मी पाक केला, बोटात तार धरून बघितला, ती बाई आणि मिस्त्रीने तो चुन्याबरोबर भुग्यात कालवला. प्रेस धाडधाड चालली. ओल्या विटा पत्र्यावर उन्हात मांडल्या आणि मग सगळ्यांनी मिळून शिरा संपवला. ह्यांनी मात्र दोन घास खाल्ले न खाल्ले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बघते तर विटांवर मुंग्यांची ही रांग! अख्ख्या भाईंदरच्या मुंग्या जेवायला आलेल्या. मी फुंकर मारतेय, फडक्याने झटकतेय, तोवर शेठची गाडी दारात.

"आ शुं छे?" शेठने मुंगी चिमटीत धरली.

"गूळ घातलाय," हे खरं ते बोलून मोकळे झाले.

शेठ पोट धरून हसला. मग हसू आवरून त्याने एक वीट खांद्याच्या उंचीवर धरली आणि सोडली. मी डोळे मिटले. खण्ण आवाज आला. उघडून बघते तर वीट अख्खी. शेठने दुसरी टाकली. मग स्टुलावर चढून तिसरी टाकली, तिचा नुसता कोपरा उडाला.

"चलेगा. सोमवार को ट्रक भेजता हूं," तो म्हणाला. "लेकिन आगे से मळी डालना, गुड तुमको महंगा पड़ेगा."

शेठची गाडी वळली आणि ह्यांनी एक वीट उचलून खाली टाकली. परत उचलली, परत टाकली. हसतायत, टाकतायत. डोळ्यांत पाणी होतं, ते पुसायचंही भान नव्हतं.

"अहो पुरे, फुटेल ती!"

आणि फुटलीच. दोन तुकडे झाले. माझा जीव हळहळला, पण हे तुकड्यांकडे बघून म्हणाले, "फुटू दे गं. दुसरी करू."