वन्संची छत्री

आमच्या वन्सं कपडे शिवतात आणि समुद्र पाळतात. यातला दुसरा भाग मी गमतीने म्हणत नाही. पुढच्या खोलीत दोन शिलाई मशीनं, एक कापायचं टेबल आणि आतल्या भिंतीला लागून चार फुटी काचेची टाकी आहे, खाऱ्या पाण्याने भरलेली. गिऱ्हाईक माप द्यायला येतं आणि टाकीकडे बघत उभं राहतं. वन्संना त्याचा राग येत नाही. मला येतो, कारण मापं घ्यायचं काम माझं.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. वडील गेले तेव्हा त्या सतरा वर्षांच्या होत्या. मशीनवर बसल्या त्या बसल्याच. धाकट्या भावाचं शिक्षण, त्याचं लग्न, हे घर, सगळं त्यांच्या सुईच्या नेढ्यातून निघालं. स्वतःच्या लग्नाचं विचारलं तर म्हणतात, "माप घ्यायला वेळ कुणाला होता?" बाई नाकावर माशी बसू देत नाहीत. बावीस वर्षांपूर्वी मी या घरात आले तेव्हा मला साधं काज करता येत नव्हतं. त्यांनी शिकवलं, म्हणजे मी शिवायचं आणि त्यांनी उसवायचं. "टाका घट्ट हवा" हे मी स्वतःच्या नावापेक्षा जास्त वेळा ऐकलं असेल.

टाकीचं खूळ चौदा वर्षांचं. माशांच्या दुकानाचे मालक पडदे शिवून घ्यायला आले होते. बोलता बोलता म्हणाले, एक कोरल मरायला टेकलंय, फेकूनच देतो आता. वन्संनी ते मागून घेतलं. अंगठ्याएवढा पिवळट तुकडा. मला तोवर पोवळं म्हणजे अंगठीतला लाल खडा एवढंच ठाऊक. हे तर मऊ, चामड्यासारखं, आणि चक्क जिवंत! त्याच्यासाठी आधी लहान टाकी आली, मग मोठी. त्याला जाड देठ आला, देठावर ताटाएवढं पसरट डोकं आलं, कडेला झालरीसारख्या मुरडी पडल्या. दिवसा त्या डोक्यावर शेकडो बारीक बोटं उघडतात आणि पाण्याबरोबर डुलतात. घरात सगळे त्याला छत्री म्हणतात. वन्सं सकाळी उठून आधी पाण्याची ऊब बघणार, खारटपणा मोजणार, मग चहा. सख्ख्या भावाला सर्दी झाली तर त्यांना दोन दिवसांनी कळतं. छत्री मिटली की मिनिटात.

यंदा मात्र त्यांना छत्रीच नीट दिसेना. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. वर्षभर मी गुपचूप सुया ओवून ठेवत होते आणि त्या गुपचूप वापरत होत्या, दोघींपैकी एकीनेही तोंड उघडलं नाही. शेवटी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, मी सांगेपर्यंत वाकायचं नाही, टाकीत हात घालायचा नाही, खाऱ्या पाण्याचा थेंबही डोळ्याजवळ नको.

आणि तिसऱ्याच दिवशी मला छत्रीच्या देठावर काळा डाग दिसला.

"बोट लावून बघ. दबतोय?" वन्संनी विचारलं.

"दबतोय. आणि घाण वास येतोय."

त्या म्हणाल्या, "सडतोय तो. वर चढून डोक्यापर्यंत गेला की छत्री गेली. पाणी नासलं तर टाकीतलं बाकी सगळंही जाईल."

दुकानाचे मालक नेमके आठवडाभर बाहेरगावी. हे घरात होते, पण यांना पाव कापायला सांगितला तर बोट कापून आणतात. राहिले कोण?

"तूच काप," वन्सं म्हणाल्या.

माझी पाचावर धारण बसली. टाकीचा पंप बंद केला. टाकीतलंच पाणी टबात घेऊन छत्री दगडासकट त्यात ठेवली. हातात मोजे, डोळ्यांवर मोठा चष्मा, टेबलावर नवं ब्लेड. वन्सं लांब, दाराजवळच्या खुर्चीत. एका डोळ्यावर झाकण, दुसऱ्यापुढे धुकं, आणि सूचना मात्र अखंड.

"उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं," मी वैतागून म्हटलं.

"उंटावर मला डॉक्टरांनी बसवलंय. तू काप. डागाच्या वर दोन बोटं सोडून. आणि घासत बसू नकोस, कापडाला कात्री लावतेस तशी लाव. एकदा ठरवलं की थांबायचं नाही."

मी ब्लेड लावलं. इतकं मऊ असेल असं वाटलं नव्हतं. चौदा वर्षांचं डोकं एका दमात माझ्या हातात आलं, आणि मला रडू आलं. ज्या टाकीला मी चौदा वर्षं नावं ठेवली तिच्यासाठी! वन्संनी मला रडायलाही उसंत दिली नाही. कडेचे चार तुकडे वेगळे काढायला लावले, म्हणजे एखादा दगावला तरी दुसरा राहील. सडका देठ गेला कचऱ्यात. तुकडे दुसऱ्या खाऱ्या पाण्यात खळबळून घेतले. या जिवाला गोंद लागत नाही, अंगाला बुळबुळीत चीक सुटतो. म्हणून वन्सं ते शिवतात. तुकड्यातून सुईने दोरा काढायचा आणि लहान दगडाला बांधायचा. आठेक दिवसांत तुकडा स्वतःच दगड धरतो. मधला मोठा धरून मी पाचही तुकडे बांधले.

"झालं नीट?"

"एकदम घट्ट," मी छाती फुगवून सांगितलं.

सकाळी बघते तर दोन तुकडे दगड सोडून पंपापाशी गटांगळ्या खातायत. दोऱ्याने त्यांना आरपार कापलं होतं. मी वन्संसमोर जाऊन गुन्हेगारासारखी उभी राहिले. ऐकून त्या हसायलाच लागल्या.

"अगं, पहिल्या वर्षी माझे सगळे असेच गेले. कापड फुगत नाही, हे दिवसा फुगतं. सैल बांधायचं असतं. शिंपिणीच करतील अशी चूक आहे ही."

"मग काल का नाही सांगितलंत?"

"आठवलंच नाही गं. हात आपोआप करतात ते. तोंडाला कधी सांगायची वेळच आली नव्हती."

मी उरलेल्या तिघांचे दोरे सैल केले. सुटलेले दोघे वाटीत खड्यांवर ठेवले आणि वाहून जाऊ नयेत म्हणून वर एका झग्यातून उरलेली मऊ जाळी बांधली. मग वाट बघणं. पाचही तुकडे मिटलेले, सुरकुतलेले, वाळल्या सालीसारखे. पाणी बदल, खारटपणा मोज, काच पूस, सगळं माझ्याकडे. वन्संची खुर्ची टाकीच्या जरा जवळ सरकली होती. "डावीकडे घे. अजून. हां," असं चहा पीत पीत चालायचं. माझा जीव टांगणीला लागलेला, आणि बाईंच्या चेहऱ्यावर कसली ती शांती! एक तुकडा सडला, काढून टाकला. अकराव्या दिवशी मधल्या मोठ्या तुकड्यावर सात बोटं उघडलेली दिसली. मी अशी ओरडले की हे अर्ध्या दाढीनिशी धावत आले. पुढच्या आठवड्यात चारही तुकड्यांनी दगड धरले.

परवा वन्संना तपासणीला मी घेऊन गेले. एरवी हे नेतात आणि बाहेर पेपर वाचत बसतात. मी विचारलं, "डॉक्टरीणबाई, आता वन्संना टाकीत हात घालता येईल का?"

डॉक्टरीणबाईंनी कागद चाळला. "ती परवानगी मागच्या खेपेलाच दिली की. तीन आठवडे झाले."

बाहेरच्या बाकावर बसल्या बसल्या मी त्यांना धरलं. "वन्सं, ही गोष्ट पोटात का ठेवलीत? तीन आठवडे माझ्या हाताची सालं निघाली त्या मिठाने!"

त्यांनी काळा चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला.

"सतराव्या वर्षापासून काम करतेय मी," त्या म्हणाल्या. "आपलं काम दुसरं कुणीतरी करतंय आणि आपण बसून बघतोय, असं कधी झालंच नाही गं. तू पाण्यात हात घालतेस, मी चहा पिते, आणि तरी छत्री जगते. म्हटलं, अजून थोडे दिवस."

मला राग आला होता तो तसाच राहिला, पण मी बाकावर त्यांच्या जवळ सरकले.

"थोडे म्हणजे किती?" मी विचारलं.

"तुझा हात अजून कडक आहे. वर्षभर तरी लागेल."

मी बरं म्हटलं. आणि खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.