मुशीचं तेल

काल नातीच्या हातात माशाच्या तेलाची गोळी फुटली आणि त्या वासाने मी थेट दातिवऱ्याच्या किनाऱ्यावर जाऊन पोचले. नव्वदच्या आसपासची गोष्ट. सततचा थकवा आणि उजव्या बरगडीखालचं जडपण घेऊन मी बोईसरला गेले होते. पोट तपासून डॉक्टर म्हणाले, "बाई, लिव्हरला चरबी चढलीय, रोज चालत जा." पुढचं मी कुठलं ऐकतेय? मला लिव्हर ठाऊक ते मुशी माशाचं. आम्ही ते कढईत तापवायचो, ते वितळून तेल सुटायचं आणि ते तेल होडीला फासायचो. माझंही आत तसंच वितळणार या भीतीने मी शहाणी आठ दिवस ना चुलीपुढे बसले, ना उन्हात मासळी विकायला गेले. ओटीवरच्या सावलीत पोटावर ओलं फडकं धरून मरणाची वाट पाहिली. शेवटी रडत सासूला सांगितलं. ती सुके बोंबील निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मुशी जल्मभर ती चरबी घेऊन पोवते, ती काय सावलीन बसते गो? तिचा तेल मेल्यावर निघते. ऊठ, पाटी घे." उठले, चालले, आजही चालते. पण उन्हात कुणी होडीला तेल लावताना दिसलं, की हात आपसूक उजव्या बरगडीखाली जातो.