जयवंतानं उचलणं सोडलं

जयवंता आमच्या शेजारची. सासर नागपूरचं, माहेर भिवापूरचं. मिरचीच्या गावची आहे, सांभाळून राहा, असं आम्ही तिले चिडवतो. पण बाई स्वभावानं गरीब. तिची पोरगी अपेक्षा, तिच्या पायात जन्मापासून जोर नाही. वॉकर धरून सपाट जागेवर चालते, पायऱ्या जमत नाहीत. वर्ग वरच्या मजल्यावर, म्हणून माय रोज तिले उचलून वर नेऊन द्यायची. शाळेनं काय करावं? गॅदरिंगमध्ये आदर्श माता म्हणून जयवंताचा सत्कार केला, नारळ दिला. वर्ग काही खाली आणला नाही.

यंदा अपेक्षा सातवीत गेली. जिन्यापाशी येऊन म्हणते कशी, "आई, मले उचलू नको. सगळे पाहतात. मोठी झाली ना मी आता." उचलूनच न्यायचं असंल तर शाळाच सोडते म्हणे. जयवंता शाळा कशी सोडू देणार? पोरगी अभ्यासात हुशार.

जयवंता मुख्याध्यापक कृष्णकांत सरांकडे गेली. मी सोबत होती. सर म्हणाले, "इतकी वर्षं तुम्ही आणतच होत्या ना ताई? आता खाली खोली कुठून काढू?" हे ते खालच्याच खोलीत बसून सांगून राहिले होते. माझं तर डोकंच फिरलं.

जयवंता भांडली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं जिन्याखाली सतरंजी टाकली, पोरीले पुस्तक देऊन बसवलं, आणि लाल मिरचीचे देठ तोडायचं आपलं काम तिथंच मांडलं. रोजीचं काम, सोडून कशी बसणार? सरांचं दार समोरच. सर शिंकून राहिले, शिपाई शिंकून राहिला.

"ताई, ही मिरची तेवढी घरी न्या."

"नेते ना सर. पोरीले बसायले खाली वर्ग द्या, आत्ता नेते."

रोज हेच. शेवटी सरांनी आपली खुर्ची-टेबल वर हलवली आणि त्यांच्या खोलीत सातवीचे बाक लागले. मिरचीनं केलं की त्यांले पटलं, देव जाणे. मले काय करायचं?

त्या सकाळी जयवंता सवयीनं वाकली, हात पुढं केले. तोवर अपेक्षा वॉकर सरकवत दारातून आतही गेली. बाकावर बसून म्हणाली, "आई, तू घरी जा आता."

जयवंता तिथंच उभी राहून रडली. मीही रडली.